मागे तोंड केलेली सीट

किट्टुराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याशीच भांडत होते. मनातल्या मनात, अर्थात. आदल्या रविवारी ते आमच्या नातीच्या वाढदिवसाला चेन्नईतच पेरुंगुडीला आले होते, आणि जेवण झाल्यावर हात पुसत, माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, “विमावाल्यांस माणूस मेल्यावरच खरा वाटतों, पा.” सगळे हसले. माझी मुलगी मृदुला हसली, जावई शरत हसला, दिवाणावर आडव्या पडलेल्या किट्टुरावांच्या पत्नी पद्माबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मला त्या वेळी काही सुचलं नाही. असल्या बाबतीत मला नेहमी उशिराच सुचतं. त्या दिवशी सकाळी डाळ धुताना एकदम सुचलं: ‘आणि तुम्हाला जिवंत माणसाचं काहीच खरं वाटत नाही, त्याचं काय?’ उत्तर फक्कड होतं. ते कुठल्या निमित्तानं आणि कुणाच्या देखत त्यांच्या तोंडावर टाकायचं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात शरतचा फोन आला. एरवी माझ्याशी जपून जपून मराठी बोलणारा माझा जावई त्या क्षणी तमिळमध्येच बोलला. “आई... अप्पा पोयिट्टार.” अप्पा गेले. छातीत दुखायला लागलं म्हणून अण्णा नगरच्या त्यांच्या घराजवळच्या इस्पितळात नेलं होतं, तिथून ते परत आलेच नाहीत. मी ओल्या हातानं फोन धरून उभी राहिले, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. माझं उत्तर ऐकून घ्यायला हा माणूस थांबला नाही, याचा राग.

गेलेल्या माणसाबद्दल पुरवण्यांमधून गोड गोड लिहायची रीत आहे. दिलदार, हसतमुख, सर्वांना हवेहवेसे वगैरे. किट्टुराव मला हवेहवेसे नव्हते आणि मी त्यांना नव्हते, हे दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. आता ते गेले म्हणून मी खोटं लिहायला बसले तर वर बसून पहिले तेच हसतील. ते माझे व्याही. कागदोपत्री नाव कृष्णाजीराव, पण तंजावरच्या मराठी घरांतल्या रिवाजाप्रमाणे लहानपणीच त्याचं किट्टू झालं आणि मरेपर्यंत तेच राहिलं. त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्या कुणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. मी सांगलीची, विमा कंपनीत वाहन विभागात सगळी नोकरी केलेली, बढतीवर चेन्नईला आले आणि इथंच निवृत्त झाले. मृदुलानं शरतशी लग्न ठरवलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, एवढ्या लांब येऊनही घर मराठीच मिळालं. मग बोलणी करायला किट्टुराव आले, सोफ्यावर बसले, आणि म्हणाले, “मज कळलं, तुमीं आपिसरीण अहांत.” मी हसू आवरलं नाही. आवरायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. ते ‘मज’ आणि ‘तुमास’, तो शब्दाशब्दावर दिलेला अनुस्वार, आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा तो तमिळ सूर. माणूस इस्त्रीच्या शर्टात आणि भाषा पोथीतली. माझं हसू त्यांनी पाहिलं. चहा नको म्हणाले, कॉफी आहे का विचारलं, कॉफी आल्यावर एक घोट घेऊन पेला बाजूला ठेवला. जाताना म्हणाले, “आमची मराठी पेटींत ठेवलेली, विहीणबाई. तुमची बाजारांत फिरलेली.” मी म्हटलं, “पेटीत फार दिवस ठेवलेल्या कपड्यांना कुबट वास येतो.” मृदुलानं कपाळाला हात लावला. तिथून आमचं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत तसंच चाललं.

आमच्या भांडणांचे विषय तसे साधे असत. लग्नात जेवणाला आधी काय वाढायचं, नातीला झोपवताना कुठल्या भाषेत गायचं, ताकाच्या कढीला कढी म्हणायचं की आणखी काही. मी त्यांच्या तोंडावर त्यांचं मराठी दुरुस्त करायची, आणि ते माझ्यासमोर मुद्दाम त्याच शब्दाचा पुन्हा पुन्हा उच्चार करायचे. पण खरं, दात-ओठ खाऊन झालेलं भांडण एकच, आणि ते झालं त्यांच्या गाडीवरून. गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. किट्टुराव चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात साचे करायच्या विभागात होते. निवृत्त होताना त्यांनी कारखान्याची कामगारांची ने-आण करणारी जुनी मिनीबस विकत घेतली, तिथल्याच एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये नेऊन लावली, आणि तिचं मोटरहोम करायला घेतलं. रोज सकाळी अण्णा नगरहून डबा घेऊन निघायचे ते संध्याकाळी अंगाला लोखंडाचा वास घेऊन परत. आतल्या बहुतेक जुन्या सीटा काढून टाकल्या, घडीचा पलंग बसवला, स्टीलचं भांडी धुवायचं सिंक, पाण्याची टाकी, कपाटं, गॅसची शेगडी, मागच्या बाजूला छोटीशी न्हाणी. सगळं स्वतःच्या हातानं. ते तिला मोटरहोम म्हणत नसत, नुसतं ‘वंडी’ म्हणत, म्हणजे तमिळमध्ये गाडी. हे सगळं पद्माबाईंसाठी होतं. त्यांचं कमरेचं दुखणं असं की घटकाभराच्या वर बसवत नाही, आडवंच व्हावं लागतं, त्यामुळे लांब जायचं तर आगगाडी नाही, मोटार नाही, आणि लग्न होऊन ज्या तंजावरच्या घरात त्या आल्या ते घर आणि ती कावेरी पाहिल्याला त्यांना युगं लोटली होती. त्यांना पलंगावर निजवून, मुलगा, सून, नात असे सगळे मिळून तंजावरला जायचं, एवढाच त्या वंडीचा हेतू होता.

आणि मीही. हे मला पहिल्यांदा कळलं ते शेडमध्ये. मृदुलानं फारच गळ घातली म्हणून मी ते काम पाहायला गेले होते. किट्टुरावांनी मला वर चढायला हात दिला नाही, आत मात्र नेलं, आणि पलंगाच्या कडेला, ड्रायव्हरच्या बरोबर मागे असलेल्या एका सीटवर थाप मारली. बाकी सगळ्या सीटांची तोंडं पुढे होती. हिचं तोंड मागे होतं. “ही तुमची जागा,” ते म्हणाले. “मागं तोंड करून बसायाचं. गाडी चालवतांना मज तुमचं तोंड दिसाया नको, आणि तुमास माझं.” मी विचारलं, मला कुणी बोलावलंय? तर म्हणे, “तंजावरास आल्यावांचून तुमास कळणार नाहीं मराठी काय ती. याच तुमीं. कानांनीं ऐका.” म्हणजे मला नेणार होते ते प्रेमानं नव्हे, वाद जिंकायला. मी त्या सीटवर बसून पाहिलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी उंचीनं कमी आहे आणि हा त्यांच्या चेष्टेचा ठरलेला विषय होता. “पाय लोंबकळतात,” मी म्हटलं. “वाढा मग,” ते म्हणाले. “आणि पट्टा कुठंय?” मी विचारलं. “उलट्या सीटला पट्टा नाही म्हणजे काय? जोरात ब्रेक लागला तर?” पुढच्या वेळी गेले तेव्हा सीटला पट्टा होता. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही.

आर.टी.ओ.च्या कचेरीत खेटे घालून घालून त्यांनी गाडीतले बदल आर.सी. बुकावर चढवून घेतले. ते त्यांना जमलं याचं मला कौतुक वाटलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. राहिला विमा. मिनीबसचा जुना विमा केवळ दुसऱ्याच्या नुकसानीपुरता होता. मी सरळ सांगितलं की या गाडीचं रीतसर मूल्यमापन होऊन पूर्ण विमा उतरला, तरच माझी नात हिच्यात बसेल. घरी जोडलेली गॅसची शेगडी, घरी जोडलेला पलंग, त्यात पोर झोपणार, आणि रस्ता आपला तो महामार्ग. सगळी नोकरी मी अशाच गाड्यांच्या अपघातांच्या फाइली वाचत काढली आहे. त्यातल्या काही मला अजून झोपू देत नाहीत. हे मी त्यांना म्हटलंसुद्धा. किट्टुराव खवळले. “तुमचीच नात कां? माझी कोण?” मी म्हटलं, तुमचीही आहे, म्हणून तर तुम्हाला कळायला हवं. शरत आणि मृदुला दोघांच्या मध्ये उभे. शेवटी मृदुलानंच तोडगा काढला. विमा होऊ दे, मग कुणाचंच काही म्हणणं राहणार नाही. अप्पा जिंकले असं अप्पांनी समजावं, आई जिंकली असं आईनं. तेव्हा तंजावरला जायचं की नाही हे सगळं त्या एका तपासणीवर येऊन ठेपलं.

तपासणीला सर्व्हेअर म्हणून पाटणे यावेत असं मी सुचवलं होतं. मूळचे साताऱ्याचे, माझ्या नोकरीतल्या ओळखीचे, सरळ माणूस. मला वाटलं, किट्टुराव साहेबी इंग्रजी कानावर पडलं की ताठतात. मराठीत बोलणारा माणूस असला तर तणतणणार नाहीत. पाटणे आले. उन्हानं शेडचा पत्रा तापला होता. मी आणि मृदुला बाहेर पंख्याखाली बसलो होतो; मी मुद्दामच आत गेले नाही, उगाच माझी लुडबुड नको. पाटण्यांनी चासी नंबरावर कागद धरून पेन्सिलीनं छाप घेतला, चारी बाजूंनी फोटो काढले, टायर पाहिले, मग आत चढले. आतलं बोलणं मला तुटक ऐकू येत होतं. “काका, या सगळ्याची बिलं?” आणि किट्टुरावांचा तो चढा आवाज, “हे हात दिसतांत की? हींच बिलं.” पाटणे हसले. मग किट्टुरावही हसले. पुढे बराच वेळ दोघांचं हसणं-बोलणं चाललं होतं, आणि मला जरा चीडच आली, कारण माझ्याशी हा माणूस एवढं हसून कधी बोलला नव्हता. खाली उतरून पाटणे म्हणाले, “मॅडम, काकांचं मराठी ऐकायला काय गोड आहे हो!” किट्टुरावांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. बिलं नाहीत म्हणून आतल्या सामानाची किंमत जवळजवळ धरलीच नव्हती, आणि ‘घरगुती बनावट’ असा शेरा होता. त्याचं किट्टुरावांना लागलंच. पण विमा नाकारला होता तो वेगळ्याच कारणानं. गाडीचा मालक गाडीतच वास्तव्य करतो, म्हणून खाजगी वाहनाचा विमा देता येत नाही. मी तीनदा वाचलं. अण्णा नगरला चांगलं घर असलेला माणूस शेडमधल्या बसमध्ये वास्तव्य करतो? मी पाटण्यांना फोन लावला. ते गडबडले नाहीत. “मॅडम, मी स्पष्ट विचारलं, काका, तुम्ही इथं राहता का? ते म्हणाले, मग! मी हितंच ऱ्हातों. आत उशी होती, लुंगी टांगलेली होती, कॉफीचं फिल्टर होतं, देवाची तसबीर होती. मी काय समजू?”

आणि मग मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. कारण त्या ‘ऱ्हातों’ची मला ओळख होती. लग्नाच्या आधी मी शरतला पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यानं सांगितलं होतं, “आई, मी अत्तां न्हाणींत ऱ्हातों, मागून फोन करतों.” मी मृदुलाला विचारलं होतं, हा मुलगा कुठं राहतो म्हणून! तेव्हा तिनंच समजावलं होतं. तमिळमध्ये ‘इरु’ म्हणून एक क्रियापद आहे. असणं म्हणजे तेच, आणि राहणं म्हणजेही तेच. तू कुठं आहेस आणि तू कुठं राहतोस, दोन्हीला एकच प्रश्न. त्यांच्या घरातल्या मराठीनं पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या भाषेची ही सवय उचलली, आणि त्यांच्याकडे राहणं हे असणंही झालं. किट्टुराव सांगत होते, मी दिवसभर इथंच असतो, कामात. पाटण्यांनी ऐकलं, हा म्हातारा इथंच मुक्काम ठोकून आहे. साताऱ्याचा माणूस दुसरं काय ऐकणार?

मी हे किट्टुरावांना सांगणार, त्याआधी त्यांचाच फोन आला. “तुमीं केलंत हें,” ते म्हणाले. ना नमस्कार, ना काही. “तुमचा माणूस, तुमची कंपनी. तुमास यायाचंच नव्हतं, तर मज सांगायाचं होतं. पद्मेचं काय चुकलं?” मी शब्दाचा सगळा घोटाळा समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, काही बिघडलेलं नाही, दोन ओळी लिहून द्या की माझ्याकडून चुकीचा शब्द गेला, मी तिथं राहत नाही, पुन्हा तपासणी करा. बस्स. मग ते फार शांत आवाजात बोलले, आणि त्यांचा तो शांत आवाज मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबला. “चुकीचा शब्द गेला म्हणून मी लिहून देणार नाहीं. माझी माय तसंच बोलली, माझे आजे तसंच बोलले. तुमींच लिहून द्या, विहीणबाई. तुमीं आपिसरीण होतां. लिहा कीं सर्व्हेअरास मराठी येत नाहीं.” मी म्हटलं, “पाटण्यांना मराठी येते. तुमची त्यांना आली नाही.” “मग तेंच लिहा.” “मी असलं काही लिहिणार नाही. त्या माणसाची चूक नाही.” “माझीही नाहीं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढंच. दोन ओळींची गोष्ट. त्यांनी लिहिल्या नाहीत, मी लिहिल्या नाहीत. मी चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आज ते नसतानाही वाटत नाही. एका भल्या सर्व्हेअरच्या नावावर मी खोटा ठपका का ठेवायचा? दुसऱ्या कंपनीकडे जायचं, तर तिथं पहिलाच प्रश्न, आधी कुणी विमा नाकारलाय का? हो म्हणावं लागणार, आणि का ते सांगावं लागणार, म्हणजे पुन्हा तेच ‘ऱ्हातों’. शरतनं वडिलांना समजावलं, मृदुलानं मला. पद्माबाई तेवढ्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, तुम्ही दोघं आणि शरत जा ना, मोठी माणसं आहात, मी अडवत नाहीये. त्यावर किट्टुराव म्हणाले, “सगळीं जणं नाहींत तर कशास?” आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. माझा संताप झाला होता. या माणसाच्या हट्टापायी त्याचीच बायको पलंगावर पडून आढ्याकडे बघत्येय, आणि ह्याला काय पडलंय, तर शब्द! मी हे त्यांना त्याच शब्दांत ऐकवलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

वंडी शेडमध्येच उभी राहिली. पाऊस येऊन गेला, उन्हाळा आला, पुन्हा पाऊस आला. किट्टुराव रोज तिकडे जातच होते. काम संपलं होतं, तरी काही ना काही करत बसत. इंजिन चालू करून बघत, पितळी नळ घासत, कपाटांच्या कड्या बदलत. कुणी विचारलं कुठं निघालात, तर मुद्दाम, मी समोर असले तर जरा जास्तच मोठ्यानं, म्हणत, “वंडींत ऱ्हायास जातों.” नात टाळ्या पिटायची. ती त्यांचंच मराठी बोलते, माझं नाही. हेही त्यांनी माझ्याशी भांडूनच जिंकलं.

तेराव्याच्या दिवशी सगळं आवरल्यावर पद्माबाईंनी मला आपल्या पलंगाजवळ बोलावलं. किट्टुराव असताना ती बाई माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोलली असेल. माझा हात धरून म्हणाल्या, “वंडीचं काय तें तुमींच पाहा आतां. तुमास कळतं.” रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कामाला लागले. गाडी त्यांच्या नावावर करायची, म्हणजे नवा मालक, नवा अर्ज, नवं मूल्यमापन; जुना नकार जुन्या मालकाचा होता आणि तो मालक आता नव्हता, हे मी कंपनीला कागदानिशी पटवलं. कंपनीतली माणसं भराभर हलली. मालक वारल्याचा दाखला जोडला की सगळेच हलतात. विमावाल्यांना माणूस मेल्यावरच खरा वाटतो... मी त्या कचेरीच्या जिन्यात थांबले आणि मला खूप राग आला त्यांचा. प्रत्येक बाबतीत शेवटचा शब्द या माणसाचाच का?

मागच्या आठवड्यात तपासणी झाली. या वेळी एक तरुण तमिळ बाई आली होती, काखेत हेल्मेट, कपाळाला भस्माचं बोट. तिला मराठीचा गंध नव्हता, आणि मी एवढी वर्षं राहून कामापुरतं तमिळ बोलते. तिनं तसाच चासी नंबराचा छाप घेतला, तसेच फोटो काढले. आत चढल्यावर मात्र तिनं घाई केली नाही. कपाटाची दारं उघडून बघितली, पलंगाची घडी घालून पाहिली, जोडाच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग तमिळमध्ये विचारलं, हे कुठल्या वर्कशॉपचं काम आहे? “इरुंगाट्टुकोट्टै,” मी म्हटलं. तिनं मान डोलावून लिहून घेतलं. उकाड्यानं माझा जीव कासावीस झाला होता, म्हणून मी जी जवळ होती त्या सीटवर बसले. बसल्यावर कळलं की ती माझी होती. सवयीनं पट्टा ओढून लावला. आणि माझे पाय टेकले. मी खाली वाकून पाहिलं. सीटच्या खाली, माझ्या पायांच्या उंचीला बरोबर, एक लाकडी फळी बसवलेली होती. तिच्यावर रबर ठोकलं होतं, पाय घसरू नयेत म्हणून. हे कधी केलं, मला माहीत नाही. वाढा मग, म्हणाला होता ना हा माणूस! मला सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. ‘फळी लावली अहे, बसून पाहा.’ मी चिडून आलेही असते, बसलेही असते, आणि कदाचित त्या दोन ओळी... नाही. त्या ओळी मी लिहिल्या नसत्या. पण मी आले असते. मला त्या क्षणी इतकं रडू आलं की मी तोंड फिरवलं, आणि त्या सीटवरून तोंड फिरवायचं म्हणजे मागच्या काचेकडे, कारण ती सीट मुळात तशीच बसवलेली आहे.

बाईचं काम होत आलं होतं. तिनं उशी पाहिली, कॉफीचं फिल्टर पाहिलं, दाराच्या खिळ्याला अजून टांगलेली लुंगी पाहिली. ती काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग पेन उघडून तिनं तो प्रश्न विचारला. येणार हे मला ठाऊक होतं, त्यासाठीच तर मी आले होते. “अम्मा, इंगे यारावदु इरुक्कांगळा?” इथं कुणी राहतं का? त्यांचं ते एकच क्रियापद. कुणी राहतं का, आणि कुणी आहे का, दोन्ही त्यातच. उत्तरही एकच होतं, साधं, दोन शब्दांचं. त्या दिवशी किट्टुरावांनी एवढंच उत्तर दिलं असतं, तर आम्ही सगळे मिळून केव्हाच तंजावरला जाऊन आलो असतो. पद्माबाईंनी कावेरी पाहिली असती. मी त्यांची ती खरी मराठी कानांनी ऐकून आले असते, आणि परत येऊन त्यांच्याशी भांडले असते. माझ्या पाठीमागे ड्रायव्हरची सीट होती. मी मान वळवली नाही.

“यारुम् इल्लै,” मी म्हटलं. कोणी नाही.

तिनं ते लिहून घेतलं, माझी सही घेतली, आणि हेल्मेट उचलून खाली उतरली. विमा मिळेल. पुढच्या महिन्यात आम्ही निघू. शरत चालवेल, पद्माबाई पलंगावर, नात खिडकीशी, आणि मी मागे तोंड करून. पण त्या दुपारी ती बाई शेडच्या बाहेर जाईपर्यंत मी पट्टा न सोडता तशीच बसून होते, पाय त्या फळीवर ठेवून. तिच्या स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर मी दुरुस्ती केली. इतकी वर्षं त्यांचं मराठी दुरुस्त करत आले, हे एक वाक्य तेवढं माझं मी केलं, मागे न बघता, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“ऱ्हातांत,” म्हटलं. “हितंच ऱ्हातांत.”